इंजिनाच्या पेटीत इस्त्री

१

बुधवारी सकाळी अँब्रोझ टटल एका पायात मोजा आणि दुसऱ्या पायात काहीच नाही अशा थाटात जिना उतरून जेवणघरात आला आणि त्याने टेबलावर, लोण्याच्या बशीला खेटून, एक इस्त्री आणून ठेवली.

"माझं इंजिन," तो म्हणाला.

ऑर्फा टिलिंगहास्ट बाईंनी आधी इस्त्रीकडे पाहिले, मग त्याच्या उघड्या पायाकडे. "हे तुमचं इंजिन नाही, टटल. ही माझी इस्त्री आहे. आणि आधी मोजा चढवून या, लोक जेवतायत."

"पेटीत होती, बाई! इंजिनाच्या जागी! माझ्याच लोकरी सदऱ्यात गुंडाळून ठेवली होती. आज पॉलिश करावं म्हणून पेटी उघडली तर ही बया आत!"

टेबलाभोवतीचे काटे-चमचे थांबले. कॅप्टन स्ट्रॉदर यांचा तेवढा थांबला नाही. पण कॅप्टनचा चमचा त्यांच्या आगबोटीला भोक पडले तेव्हाही थांबला नव्हता म्हणतात.

वॉशिंग्टनला पेटंटची ती मोठी पांढऱ्या खांबांची इमारत आहे, तिच्यापासून हाकेच्या अंतरावर ऑर्फाबाईंची खाणावळ. उत्तर-दक्षिणेची लढाई संपून तीन वर्षे झाली होती. त्या वर्षांत अख्खा देश काही ना काही शोधून काढत होता, आणि शोधून काढले की ते घेऊन ऑर्फाबाईंकडे उतरत होता. कायदा असा की नुसता कागद चालायचा नाही, यंत्राचे छोटे मॉडेल सादर करायचे. ते लांबी, रुंदी, उंची कशातही एका फुटाच्या वर जाता कामा नये. संशोधकाच्या तोंडाला मात्र कायद्याने काही माप घालून दिलेले नव्हते, आणि त्याचा सगळा त्रास जेवणाच्या टेबलावर व्हायचा.

बाईंना हे नवे नव्हते. त्यांचे दिवंगत यजमान स्वतः संशोधक. बटाटे सोलायचे यंत्र करता करता त्यांनी बटाटा सोडून घरातले बाकी सगळे सोलले. लग्नात आलेले चमचे वितळवले, घड्याळ उसकटले, आणि शेवटी न्यूमोनियाने गेले ते "ऑर्फा, ते पातं जरा तिरकं कर" असे म्हणत. त्यामुळे या जमातीबद्दल बाईंना राग होता, कीव होती, आणि सवयही होती.

टटलची गोष्ट मात्र त्यांना मनाला लागून राहिली होती. व्हरमाँटमधल्या एका तळ्यावर त्याची होडी चालायची, या काठावरून त्या काठावर माणसे आणि मेंढ्या न्यायची. चालायची म्हणजे त्याची बायको डिलाईट चालवायची. तो इंजिन करत बसलेला. दट्ट्या नाही, खालीवर होणारे दांडे नाहीत, बंद डब्यात वाफेनेच गरगर फिरणारे एक पाते, असे ते गोल इंजिन होते. होडीला बसवले की वल्ही चुलीत घालायची. नऊ वर्षे तो हेच सांगत होता आणि नऊ वर्षे ती वल्ही मारत होती. आता तिचा उजवा खांदा कामातून चालला होता. या उन्हाळ्यात इंजिनाला पेटंट मिळाले नाही तर होडी विकायची आणि तिने भावाच्या गावी कापडगिरणीत जायचे, असे ठरले होते. गावचा सुतार-लोहार पेटंट दिसल्याशिवाय मोठे इंजिन घडवायला तयार नव्हता. पेटंट कचेरीच्या तपासनीसाने दोनदा अर्ज परत पाठवला होता, आणि उद्या, गुरुवारी सकाळी, मॉडेल घेऊन शेवटचे हजर राहायचे होते.

"इस्त्री काल संध्याकाळपर्यंत माझ्या हातात होती," ऑर्फाबाई सावकाश म्हणाल्या. "मंगळवार, इस्त्रीचा दिवस. जेवणाची घंटा झाली तेव्हा मी ती फळीवर ठेवली. जेवणं उरकल्यावर पुढच्या मागच्या दोन्ही दारांना अडसर मी घातले, आणि आज सकाळी मीच काढले."

"मग?" प्रोफेसर ड्युसेनबरींनी विचारले.

"मग चोर माझं हॅम खातोय," बाई म्हणाल्या.

२

टेबलावर टटल सोडून तिघे होते. बाईंनी एकेकाला धरले.

प्रोफेसर ड्युसेनबरी हे उंच, वाकलेले, दुःखी गृहस्थ. त्यांचा शोध म्हणजे ठरल्या वेळी झोपलेल्याला जमिनीवर फेकणारा पलंग. त्याचे मॉडेल रोज पहाटे एका लाकडी बाहुलीला आपटायचे, आणि शेजारच्या खोलीतला माणूस फुकटात उठायचा.

"टटलांचं इंजिन?" प्रोफेसर म्हणाले. "बाई, मी ते कशाला घेऊ? त्याचं चाक जड आहे. मी सोमवारीच त्यांना सांगितलं होतं. पण तुम्ही चोरी म्हणताय म्हणून सांगतो, खरी चोरी माझी झालीय. काल रात्री व्हायोलिन काढलं, तर राळेचा खडा नाही! गजाला राळ लावल्याशिवाय मी वाजवू कसा?"

काल रात्री व्हायोलिन का वाजले नाही हे बाईंना आता कळले. काल त्यांनी त्याबद्दल देवाचे आभार मानले होते.

"ते जाऊ द्या. सोमवारी जेवताना काय बोलणं झालं होतं?"

"तेच की. सगळेच सांगत होते, टटल, तो डबा उघडून दाखवा, आम्ही चूक काढून देतो. टटलांनी ऐकलं नाही. डबा डाख लावून बंद केलाय, म्हणाले, तो मी तपासनीसापुढेच उघडणार. कॅप्टन तर टेबलावर मूठ आपटून म्हणाले, तुमची वाफ पुढच्या दाराने येते आणि खिडकीतून पळते. गोल इंजिन म्हणजे भंगार."

"आणि काल?"

"काल काय? काल कॅप्टन म्हणाले की बीन्स छान झालेत."

बाईंच्या भुवया किंचित वर गेल्या. त्यांच्या हातचे बीन्स छान होतात असे कॅप्टनने चार वर्षांत पहिल्यांदाच म्हटले होते.

कॅप्टन पेलेग स्ट्रॉदर ओहायो नदीवरचे. पांढऱ्या दाढीचे, लाल नाकाचे. बॉयलर फुटायच्या आधी किंचाळणारी शिट्टी त्यांनी काढली होती. ती मंजूर होईना, कारण ती ऐकून दोन कारकून पळून गेले होते. बाई त्यांच्या खोलीपाशी गेल्या तेव्हा दार बोटभरच उघडले.

"काय आहे, बाई?"

"आत येऊ?"

"नको. मी उघडा आहे."

"तुमचा कोट दिसतोय मला."

"खाली उघडा आहे," कॅप्टन म्हणाले. फटीतून गरम हवेचा झोत आला.

"जूनच्या महिन्यात शेकोटी पेटवलीय?"

"वात. गुडघ्याचा. तुम्हाला झाला की कळेल." आणि दार बंद झाले.

तिसरे मिस्टर लूशियन फेअरवेदर. हे कालच जेवणाच्या घंटेला उतरले होते. केसांना तेल, बोटात अंगठी, आणि बोलणे असे गुळगुळीत की माशी बसली तर घसरावी. पिट्सबर्गच्या एका मोठ्या लोखंडाच्या भट्टीचा दलाल म्हणवत होते. आल्या आल्या त्यांनी टटलला विचारले होते, इंजिन कुठे ठेवता, वजन किती, बघायला मिळेल का.

"अहो, तोच!" टटल बाईंच्या कानाशी म्हणाला. त्याला आता दोन्ही मोजे होते, पण उलटसुलट. "भट्टीवाल्यांनी पाठवलाय तो. माझी कल्पना पळवायला!"

"मिस्टर फेअरवेदर," बाईंनी दिवाणखान्यात जाऊन सरळ विचारले, "तुमच्या बॅगेत काय आहे?"

गुळगुळीत चेहऱ्याला पहिल्यांदाच सुरकुती पडली. "कपडे," ते म्हणाले, आणि बॅग पायाने खुर्चीखाली सरकवू लागले.

बॅगेतून लोखंडाचा खणकन आवाज आला.

३

"पकडला!" टटल ओरडला आणि बॅगेवर झेपावला. त्याच्या आधी प्रोफेसर पोचले. त्यांनी बॅग उघडून हात घातला, आणि पुढच्या क्षणी त्यांच्या तोंडून असा सूर निघाला की त्यापुढे व्हायोलिन बरे.

हात बाहेर आला तेव्हा त्याला एक यंत्र लटकले होते. चार कमानी, सहा दात, मधे चीजचा वाळका तुकडा.

"उंदरांचा सापळा," फेअरवेदर मान खाली घालून म्हणाले. "स्वयंचलित. उंदीर मेला की आपोआप पुन्हा ताठ होतो. मी... मी दलाल-बिलाल नाही हो. मी न्यू जर्सीत टोप्या विकतो. खाणावळीत संशोधक म्हटलं की लोक हसतात म्हणून खोटं बोललो."

"आणि इंजिनाची एवढी चौकशी?" बाईंनी प्रोफेसरांचे बोट सोडवत विचारले.

"त्यांच्या इंजिनाला माझा सापळा जोडता येईल का ते बघत होतो. वाफेवर चालणारा, एकदम शंभर उंदरांचा."

मग प्रोफेसर कण्हत म्हणाले, "पण त्या चाकाने कसा चालेल? चाक जड आहे."

टटल कोचावर बसला आणि त्याने तोंड ओंजळीत धरले. "बाई, उद्या मी कोणत्या तोंडाने जाऊ? आणि घरी? घरी कोणत्या तोंडाने? गेल्या वेळी मी निघालो तेव्हा तिनं मला स्टेशनला सोडलं, होडीनं. एका हातानं वल्हं मारत. दुसरा हात वर जात नव्हता तिचा. मला म्हणाली, जा, मी आहे."

बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि जरा जास्तच जोरात थोपटले, मग स्वयंपाकघरात गेल्या. बटाटे सोलताना त्यांचे डोके चांगले चालते. नवऱ्याच्या यंत्राऐवजी साधा चाकू वापरला तर.

पहिली गोष्ट, चोराने पेटीत इस्त्री का ठेवली? टटल जाता-येता पेटी उचलून वजन बघतो, तेव्हा त्याला हलकी लागू नये म्हणून. ती खडखडू नये म्हणून सदऱ्यात गुंडाळली. पण इस्त्रीच का? कारण ती पुढच्या मंगळवारपर्यंत कुणाला लागत नाही. म्हणजे चोराला माझ्या घराचे वार ठाऊक आहेत. मंगळवारी इस्त्री फळीवर गेल्यावर, जेवणाच्या घंटेला जो घरात पहिलं पाऊल टाकतो, त्याला ते ठाऊक नसणार. फेअरवेदर बाद.

आणि इस्त्री ठेवली याचा अर्थ दुसराही होतो. कायमची चोरी करणारा पळून जातो, तो वजन कशाला जुळवील? वजन जुळवतो तो, ज्याला काही वेळाने वस्तू परत जागेवर ठेवायची आहे.

बाईंनी बटाटा पातेल्यात टाकला. मीठ घ्यायला त्या फडताळाकडे वळल्या, आणि त्यांना दिसले की टेबलावरच्या तेलाच्या बाटलीत तेल उरलेले नाही. कालच भरली होती. मग त्यांनी खण ओढून चमचे पाहिले. कथलाचा मोठा चमचा, आजीच्या काळातला, गायब.

राळ, कथील, तेल.

लग्नातले चमचे कशात गेले होते ते बाईंना आठवले. डाख लावायचा तर वितळायला कथील हवे आणि ते धरायला राळ हवी. आणि डाख लावून झाला की फिरत्या भागाला तेल घालायचे. या घरात कुणीतरी टटलचा बंद डबा उघडला होता आणि तो पुन्हा बंद करत होता!

बाई स्टुलावर बसून खूप हसल्या. मग त्यांना चमच्याची आठवण होऊन राग आला. मग त्यांनी एप्रन सारखा केला आणि जिन्याशी जाऊन घंटा बडवली.

"सगळ्यांनी जेवायला या! तब्येत असो नसो! आज हॅम कापायच्या आत चोर पकडून देणार आहे मी."

४

सगळे आले. कॅप्टन सर्वात शेवटी, आणि त्यांच्या दाढीच्या टोकाला जळल्याचा वास होता.

"आधी एक सांगते," सुरी हातात धरून बाई म्हणाल्या. "टटलांना वाटतंय की कुणीतरी त्यांची कल्पना चोरली. टटल, मी तुमच्यासारखी माणसं वीस वर्षं जेवू घातलीत. दुसऱ्याची कल्पना चोरायची तर आधी ती आपल्यापेक्षा चांगली वाटावी लागते. या टेबलावर असा एकही प्राणी आजवर बसलेला नाही."

तिघांनीही माना डोलावल्या. हे त्यांना पटले होते.

"तेव्हा इंजिन पळवलं ते पैशासाठी नाही, पेटंटसाठी नाही. ते का पळवलं ते नंतर सांगते. पण आज बटाटे सोलताना मी इंजिनाचा विचार केला आणि मला त्याची चूक सापडली."

"तुम्हाला?" चार तोंडांतून एकदम आले.

"त्यात काय अवघड आहे? चाक जड आहे."

"मी सोमवारीच म्हटलं होतं!" पट्टी बांधलेले बोट उंचावून प्रोफेसर म्हणाले.

"नाहीतर मग नळी बारीक आहे," फेअरवेदर म्हणाले. "मी पाहिलेलं नाही, पण नळी बारीकच असणार. नेहमी असते."

"नळी बारीक आणि चाक जड," बाईंनी ठासून सांगितले. "डब्याच्या आत सगळं ठीक आहे. आतलं पातं तर उत्तमच बसलंय. टटल, नवीन मॉडेल कराल तेव्हा चाक अर्धं करा आणि नळी..."

कॅप्टनचा चेहरा नाकाच्या रंगाचा होऊ लागला होता. त्यांनी पाण्याचा पेला उचलला, ठेवला. रुमाल घेतला, पिळला.

"...नळी चांगली अंगठ्याएवढी करा. आणि डब्याच्या आत मुळीच हात लावू नका, कारण आत तर सगळं..."

"चाक नाही हो बाई!" कॅप्टन गरजले. टेबलावरची भांडी थरथरली. "चाक नाही, नळी नाही! पातं! पात्याची कड! कडेला केसभर फट आहे, सगळी वाफ तिथून पळते! आंधळ्यालासुद्धा दिसेल, आत नुसतं डोकावलं तर—"

ते थांबले.

"आत," ऑर्फाबाई गोड आवाजात म्हणाल्या. "डबा डाखून बंद होता, कॅप्टन. टटल सोडून आतलं कुणी पाहिलेलं नाही. तुम्ही कधी डोकावलात?"

कॅप्टन हॅमकडे बघत राहिले.

"मला सकाळीच कळायला हवं होतं," बाई पुढे म्हणाल्या. "सोमवारी या इंजिनाला भंगार म्हणणारा माणूस मंगळवारी बीन्सचं कौतुक करतो! संशोधक जोवर नावं ठेवतोय तोवर भीती नाही. गप्प बसला की समजावं, हत्यारं बाहेर काढली. मग राळ गेली. प्रोफेसर स्वतःचीच राळ स्वतः कशाला चोरतील? मग जूनमध्ये शेकोटी. गुडघा शेकायला कथलाचा चमचा लागत नाही, कॅप्टन. माझ्या आजीचा होता तो."

टटल उभा राहिला. "कुठाय ते?"

"वर," कॅप्टन पुटपुटले. "चला. पण पळत नको येऊस, जिन्यानं हादरतं ते. काल रात्रीच परत ठेवणार होतो. पण फट बुजली, तसं मला वाटलं की खालची बैठकही जरा..."

"पेलेग स्ट्रॉदर!" बाई कडाडल्या. "हात धुवा आधी."

५

कॅप्टनच्या खोलीत, शेकोटीपुढच्या तिपाईवर, ते उभे होते. पितळी, लहानसे, डब्याला नवा डाख. कॅप्टनने स्पिरिटचा दिवा खाली सरकवला. वाफेने आधी नळीत खाकरल्यासारखे केले, मग चाक हलले, एक गिरकी घेतली, दुसरी घेतली, आणि मग ते जे फिरू लागले ते थांबायचे नाव घेईना.

"पात्याच्या कडेला खाच पाडली आणि मागून बारीक स्प्रिंग दिलीय," कॅप्टन दुसरीकडे बघत म्हणाले. "पातं सदा भिंतीला चिकटून राहतं."

टटल गुडघ्यावर बसला होता. "दहा-बारा गिरक्यांच्या वर कधी गेलं नव्हतं," तो म्हणाला. "नऊ वर्षांत." आणि तो माणूस सगळ्यांसमोर रडला. प्रोफेसरांनी नाक शिंकरले. फेअरवेदरनी सापळा जोडायचा विषय मोठ्या मनाने काढला नाही.

"मला सांगायचं होतंत," टटल डोळे पुसत म्हणाला.

"सांगितलं नाही? सोमवारी घसा बसला माझा! तू डबा उघडशील तर शपथ." कॅप्टनचा आवाज एकदम उतरला. "हे बघ. माझ्या बोटीवर बॉयलर फुटला तेव्हा इंजिनाशी माझा धाकटा भाऊ होता. त्याच्या आधी आठवडाभर वाफ कुठूनतरी गळत होती, आणि मी म्हणत होतो, चालतंय ना, चालू दे. वाफ गळली की माणूस आग वाढवतो, टटल. तू वाढवणार, गावचा लोहार वाढवणार. आणि त्या होडीत तुझी बायको बसणार. मला झोप येईना."

ऑर्फाबाईंना चमच्याचा राग अजून होता, पण तो बाजूला ठेवायला त्यांना काही अडचण वाटली नाही.

मग टटलने दिवा विझवला. "पण आता हे मी नेऊ शकत नाही," तो म्हणाला.

"का?" फेअरवेदर म्हणाले. "चालतंय की!"

"बायबलवर हात ठेवून शपथ घ्यायची असते. याचा मूळ आणि पहिला कर्ता मीच, म्हणून. मी आमच्या चर्चमध्ये डीकन आहे, देवाच्या कामातला माणूस. ती स्प्रिंग माझी नाही."

खाणावळीतल्या कुणालाही ही अडचण खोटी वाटली नाही. जेवणाच्या टेबलावर वाटेल ते बोलणारी ही माणसे त्या शपथेपुढे मात्र वचकून असायची.

"काढतो मग," कॅप्टन म्हणाले. त्यांनी पक्कड उचलली. चार वर्षांत त्यांच्या हातून पूर्ण झालेली ती पहिलीच वस्तू होती, आणि पक्कड डब्याजवळ नेताना त्यांचा हात जड झालेला सगळ्यांना दिसला. "तुझं तू ने, पहिल्यासारखं. दहा गिरक्यांचं. नाव तुझं राहील."

टटल त्या पकडीकडे पाहत राहिला. नऊ वर्षे त्याने एकच चित्र डोळ्यांपुढे ठेवले होते, त्या पांढऱ्या इमारतीच्या काचेच्या कपाटात इंजिन, आणि पितळी पट्टीवर त्याचे नाव. एकट्याचे. बाईंना ते माहीत होते, कारण यजमानांचेही चित्र तेच होते, आणि यजमानांनी त्यासाठी कुणालाही जवळ येऊ दिले नव्हते. त्यांना वाटले आपण काहीतरी बोलावे. मग त्यांनी ओठ आवळले. हे त्याचे त्यालाच म्हणायला हवे होते.

"ठेवा ती पक्कड," टटल म्हणाला. "डिलाईटला पितळी पट्टीचं काय करायचंय? दोघांची नावं घालू."

"माझं नाव?" कॅप्टन दचकून मागे सरले. "गोल इंजिनावर? अरे, तीस वर्षं मी नदीवर सांगत आलोय की गोल इंजिन म्हणजे भंगार! ओहायोत तोंड दाखवायची सोय राहणार नाही!"

"मग ओहायोत जाऊ नका," ऑर्फाबाई म्हणाल्या. "नाहीतरी चार वर्षांत कुठे गेलाय? कॅप्टन, तुमची अब्रू की त्या बाईचा खांदा, एकदा काय ते बोला. हॅम गार होतंय."

कॅप्टनने दाढी कुरवाळली. "त्याचं नाव आधी घाला," ते शेवटी गुरगुरले. "आणि माझं बारीक अक्षरात."

संध्याकाळपर्यंत कोपऱ्यावरच्या वकिलाकडून दोन नावांचा नवा अर्ज लिहून झाला. गुरुवारी तपासनीसाने डबा उघडून पाहिला, इंजिन चालवून पाहिले, आणि एवढेच विचारले की ही स्प्रिंग कशासाठी. कॅप्टनने उत्तर द्यायला सुरुवात केली. टटल नंतर सांगे की उत्तर अर्धे झाले तोवर त्या भल्या माणसाचे समाधान झाले होते, पण कॅप्टनचे झाले नव्हते.

६

पुढच्या जुलैत ऑर्फाबाई व्हरमाँटला गेल्या. खाणावळ त्यांनी फेअरवेदरवर सोपवली होती. उंदीर नव्हते, एवढी तरी खात्री होती.

डिलाईट टटल मोठ्या हाडाची, कमी बोलणारी बाई निघाली. तिने ऑर्फाबाईंना हाताला धरून होडीत घेतले आणि ती सवयीने आपल्या फळीवर जाऊन बसली. होडीच्या मागच्या टोकाला इंजिन होते, त्याच्या एका बाजूला तिचा नवरा आणि दुसऱ्या बाजूला कॅप्टन, आणि दोघांचे आग किती ठेवायची यावरून भांडण चाललेले. मोठे इंजिन त्या दिवशी पहिल्यांदाच पाण्यात उतरत होते. काठावर सगळा गाव जमला होता, काही कौतुकाने, काही बुडण्याची वाट पाहत.

झडप उघडली. होडी थरथरली आणि निघाली.

काठ मागे पडू लागला. डिलाईटच्या मुठी अजून वळलेल्याच होत्या, वल्ही धरल्यासारख्या. थोड्या वेळाने तिचे तिलाच ते ध्यानात आले. तिने मुठी उघडल्या, हात मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत बसली. मग काय मनात आले कोण जाणे, ती उठली, वळली, आणि त्याच फळीवर तोंड फिरवून पुढच्या बाजूला बघत बसली.

"काय झालं गं?" टटलने घाबरून विचारले. "काही गळतंय का? डिलाईट?"

समोरून झाडे येत होती, त्यांच्यामागे एक पांढरे घर, धक्क्यावर उभी माणसे. वल्ही मारणाऱ्याची पाठ नेहमी तिकडेच असते.

"अँब्रोझ," ती म्हणाली, "इतकी वर्षं मी लोकांना पलीकडे नेतेय. पलीकडचा काठ येताना मी कधी पाहिलाच नव्हता."

टटल आग सोडून पुढे आला आणि फळीवर तिच्या शेजारी बसला. इंजिनाशी कॅप्टन एकटेच उरले, आणि आज पहिल्यांदाच त्यांनी कुणाला काही सांगितले नाही.